पुस्तक मिटा आणि लिहा: दहावीच्या उजळणीची सुरुवात

जानेवारी उजाडला की शाळेत पोर्शन संपतो, प्रिलिमचं वेळापत्रक लागतं आणि घरोघरी एकच सूचना सुरू होते, ‘आता उजळणी कर.’ उजळणी करायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे सहसा कुणी सांगत नाही. मग मूल पहिला धडा उघडतं, वाचतं, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारतं, पुढच्या धड्याकडे वळतं. तिसऱ्या वाचनाला सगळं ओळखीचं वाटू लागतं आणि अभ्यास झाला असं समाधान मिळतं. परीक्षेच्या हॉलमध्ये मात्र पुस्तक समोर नसतं. तिथे ओळखीचं वाटून भागत नाही, आठवावं लागतं आणि आठवलेलं लिहावंही लागतं.

पहिल्यांदाच बोर्डाला बसणाऱ्या, राज्य मंडळाच्या मराठी माध्यमातल्या दहावीच्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: वाचन ही तयारी झाली, उजळणी पुस्तक मिटल्यावर सुरू होते.

हे मी नुसतं अनुभवावरून म्हणत नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी वाचून झाल्यावर तो बाजूला ठेवला आणि आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहून काढणारे पुढे निघाले. रात्री वाचलेलं लगेच आठवतं म्हणून आपण फसतो ते इथेच. बोर्डाची परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

आधी गुण कुठे आहेत ते बघा

अभ्यासाला बसण्याआधी एक संध्याकाळ कागदावरच्या हिशेबाला द्या. मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांची लेखी परीक्षा प्रत्येकी ८० गुणांची आणि तीन तासांची असते. गणिताचे दोन पेपर, विज्ञानाचे दोन, इतिहास-राज्यशास्त्राचा एक आणि भूगोलाचा एक, हे सगळे ४० गुणांचे आणि दोन तासांचे. प्रत्येक विषयाचे उरलेले २० गुण तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे असतात आणि ते लेखी परीक्षेच्या आधीच ठरतात. म्हणून प्रयोगवही आणि प्रकल्प आधी पूर्ण करा. ते गुण हातात पडलेले असले की पुढचं मन हलकं राहतं.

इथले आकडे २०१८ साली आलेल्या पाठ्यपुस्तकांवरच्या प्रश्नपत्रिकांच्या आराखड्याचे आहेत. तुमच्या वर्षाचा आराखडा शिक्षकांकडून मागून घ्या आणि अभ्यासाच्या जागी भिंतीवर चिकटवा. पाठ्यपुस्तक फाटलं असेल किंवा हरवलं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मोफत मिळते.

टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांवर निघते, म्हणून काही मुलं एखादा विषय सोडूनच देतात. हे करू नका. उत्तीर्ण सगळ्याच विषयांत व्हावं लागतं, आणि सोडलेला विषय शेवटच्या आठवड्यात बाकीच्या पाचांची झोप उडवतो.

कोऱ्या कागदाची चाचणी

आता सगळ्या प्रकरणांची यादी करा. बीजगणित ६, भूमिती ७, विज्ञान १० आणि १०, इतिहास ९, राज्यशास्त्र ५, भूगोल ९, अशी एकूण ५६. भाषांचे धडे वेगळे.

एकेक प्रकरण घ्या. कोऱ्या कागदावर वर त्याचं नाव लिहा आणि पुस्तक न उघडता निळ्या पेनाने दहा मिनिटं आठवेल ते सगळं लिहा: व्याख्या, सूत्रं, नावं, आकृत्या, तुटक शब्दसुद्धा. वेळ संपली की पुस्तक उघडा आणि राहिलेलं लाल पेनाने त्याच कागदावर भरा. कागद निळा असेल तर यादीत त्या प्रकरणापुढे ‘येतं’ लिहा. निम्मा लाल असेल तर ‘अडतं’. जवळपास सगळाच लाल असेल तर ‘कोरं’. ५६ प्रकरणं लिहायला साधारण साडेनऊ तास लागतात, म्हणजे शाळा सांभाळून चार-पाच दिवस. हे दिवस वाया गेले असं वाटून घेऊ नका. तुमच्या अभ्यासाचा खरा नकाशा तुम्हाला यातूनच मिळणार आहे.

पहिले काही कागद खूप लाल होतील आणि वाईट वाटेल. वाटू द्या. ते लाल अक्षर म्हणजेच तुमचा अभ्यासक्रम. जे आधीच निळं आहे त्यावर पुन्हा तास घालवणं सुखाचं असतं, पण त्यातून नवा गुण मिळत नाही.

‘कोरं’ प्रकरण आधी नीट शिकून घ्यावं लागेल, शिक्षकांकडून किंवा ज्याला येतं अशा मित्राकडून. ‘अडतं’ प्रकरणांसाठी अंतर ठेवून उजळणी करा. सोमवारी समरूपता लिहून पाहिली तर बुधवारी पुन्हा कोरा कागद, मग पुढच्या सोमवारी, मग थेट तीन आठवड्यांनी. यादीत प्रत्येक वेळची तारीख घाला. दरम्यान थोडं विसरायला होईल आणि आठवताना डोकं ताणावं लागेल. तो ताण हवाच आहे. त्यानेच गोष्ट पक्की होते.

वेळापत्रक आखताना दिवसाला एकच विषय धरू नका. सकाळी गणित किंवा भौतिकाची उदाहरणं, दुपारी इतिहास किंवा भूगोल, संध्याकाळी भाषेचं लेखन, असे दोन-तीन वेगळ्या जातीचे विषय ठेवा. एका बैठकीला पाऊण तास पुरतो. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि वेळ बघायला भिंतीवरचं घड्याळ वापरा. आठवड्यातली एक संध्याकाळ पूर्ण मोकळी सोडा, कारण काही ना काही मागे राहतंच आणि ते भरून काढायला जागा लागते.

गणित

गणितात सर्वांत मोठा धोका सोडवलेली उदाहरणं वाचण्यात आहे. गाईडमधली पायरी वाचली की ‘हे मला आलंच असतं’ असं वाटतं. गाईड मिटा आणि तेच उदाहरण सोडवा. कोणत्या ओळीवर हात थांबतो ते बघा. ती ओळ म्हणजे तुमची अडचण, अख्खं प्रकरण नाही.

दुसरी गोष्ट थोडी खोलात सांगतो, कारण चांगली तयारी असलेली मुलंसुद्धा इथे अडखळतात. पुस्तकातला सरावसंच एकाच पद्धतीचा असतो. वर्गसमीकरणांच्या सरावसंचात वर्गसमीकरणच मांडायचं आहे हे शीर्षकच सांगतं. पेपरात शीर्षक नसतं. ‘दोन संख्यांची बेरीज इतकी आणि फरक इतका’ असं वाचल्यावर दोन चलांतील रेषीय समीकरणं घ्यायची, आणि ‘बेरीज इतकी आणि गुणाकार इतका’ असेल तर वर्गसमीकरणाकडे जायचं, हे तुम्हाला ओळखायचं असतं. त्यामुळे एकदा सरावसंच झाले की क्रमाने सोडवणं बंद करा. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटच्या संकीर्ण प्रश्नसंग्रहातून एकेक उदाहरण चिठ्ठीवर उतरवा, चिठ्ठ्या मिसळा आणि रोज पाच उचला. सुरुवातीला वेग कमी होईल. पद्धत निवडण्याचा सराव होतो आहे म्हणून तो कमी होतो, घाबरू नका.

एक चुकांची वही करा. डाव्या पानावर चूक, उजव्या पानावर बरोबर पायरी. अंकगणिती श्रेढीत पहिलं पद ५ आणि सामान्य फरक ३ असेल तर दहावं पद काढताना फरक नऊ वेळा मिळवायचा, म्हणजे ५ अधिक २७, उत्तर ३२. घाईत दहा वेळा मिळवला की ३५ येतं आणि सूत्र पाठ असूनही गुण जातात. संभाव्यतेत दोन फासे टाकले की नमुना अवकाशात ३६ घटक असतात, तीन नाणी फेकली की ८; हे मांडल्याशिवाय पुढे जायचं नाही. जीएसटीच्या उदाहरणात १८ टक्क्यांचे केंद्राचे ९ आणि राज्याचे ९ असे भाग पाडायला विसरणं हीही नेहमीची चूक. प्रत्येकाच्या चुका वेगळ्या असतात, म्हणून दुसऱ्याची वही उपयोगाची नाही.

भूमितीत प्रमेयं पाठ करण्याआधी आकृती काढा. पक्ष, साध्य, गरज असेल तिथे रचना आणि मग सिद्धता, हा क्रम हाताला बसू द्या. प्रमाणाचे मूलभूत प्रमेय, पायथागोरसचे प्रमेय, त्रिकोणाच्या कोनदुभाजकाचे प्रमेय आणि अंतर्लिखित कोनाचे प्रमेय कोऱ्या कागदावर विनाअडथळा आली पाहिजेत. प्रत्येक विधानापुढे कारण लिहायची सवय आत्ताच लावा. भौमितिक रचना टोकदार पेन्सिलीने काढा आणि कंसाच्या खुणा पुसू नका; त्या खुणांवरूनच रचना तपासली जाते. त्रिकोणमितीत उंची आणि अंतराच्या उदाहरणाला आधी आकृती, मग कोन भरणं, मग गुणोत्तर निवडणं. आकृती चुकली की पुढचं सगळं चुकतं.

४० गुणांना १२० मिनिटं, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. चार गुणांच्या प्रश्नावर वीस मिनिटं गेली तर ती दुसऱ्या प्रश्नांतून जातात. घरी सोडवतानाच हा हिशेब डोक्यात ठेवा.

विज्ञान

भाग १ मध्ये भौतिकाची उदाहरणं आणि रसायनाची समीकरणं आहेत, भाग २ मध्ये जीवशास्त्र, पर्यावरण आणि सामाजिक आरोग्य. दोन्हींची उजळणी एकाच पद्धतीने करता येत नाही.

उदाहरणांत एककं सांभाळा. भिंगाची शक्ती काढताना नाभीय अंतर मीटरमध्ये लागतं. २० सेंटिमीटर म्हणजे ०.२ मीटर, शक्ती ५ डायॉप्टर. सेंटिमीटर तसेच ठेवले तर ०.०५ येतं आणि तो आकडा बघून मनात शंका यायला हवी. बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर धन, अंतर्गोल भिंगाचं ऋण, हेही चुकांच्या वहीत पहिल्या पानावर हवं. किरणाकृत्यांना बाण काढा.

‘शास्त्रीय कारणे लिहा’ हा प्रश्न मुलांना सोपा वाटतो आणि गुण तिथेच अर्धे होतात, कारण उत्तरात कारणाची साखळी नसते. थंड प्रदेशात तलाव गोठला तरी मासे का जगतात? ‘पाण्याच्या असंगत वर्तनामुळे’ हे शब्द पुरेसे नाहीत. ४ अंश सेल्सिअसला पाण्याची घनता सर्वाधिक असते, म्हणून ते पाणी तळाशी जातं. त्याहून थंड पाणी हलकं असल्याने वर राहतं आणि तिथे बर्फ बनतो. बर्फ उष्णतेचा मंद वाहक असल्याने खालच्या पाण्याची उष्णता सहज बाहेर जात नाही. ते द्रवरूपच राहतं, म्हणून मासे जगतात. उजळणी करताना अशी कारणं मोठ्याने बोलून दाखवा. प्रत्येक वाक्यानंतर ‘म्हणून काय?’ असं स्वतःला विचारलं की मधली गाळलेली पायरी लगेच कळते.

आवर्तसारणीसाठी डोबेरायनर, न्यूलँड्स, मेंडेलीव्ह आणि आधुनिक आवर्तसारणी यांच्यात काय बदलत गेलं ते एका पानावर मांडा. १८ गण आणि ७ आवर्त यांचा रिकामा सांगाडा काढून पहिली वीस मूलद्रव्यं भरा. भाग २ मध्ये आकृत्यांना वेळ द्या. सूत्री विभाजनाच्या अवस्था किंवा मानवी प्रजननसंस्था वाचून राहत नाही; चार वेळा काढून, नावं देऊन राहते. प्राण्यांच्या वर्गीकरणासाठी चिठ्ठ्या उत्तम: एका बाजूला तारामासा, दुसऱ्या बाजूला कंटकचर्मी संघ आणि दोन लक्षणं.

भाषा

मराठीच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे भाषेच्या प्रश्नपत्रिकेत, उपयोजित लेखनाला ८० पैकी २४ गुण आहेत: पत्र किंवा सारांश, मग जाहिरात, बातमी, कथा यांपैकी दोन, आणि शेवटी प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन. तरीही मुलं उजळणीत धडेच वाचत बसतात. व्याकरण आणि भाषिक घटकांचे आणखी १६ धरले तर निम्मी पत्रिका धड्यांबाहेर आहे. आठवड्याला एक पत्र, एक बातमी आणि एक मोठं लेखन घड्याळ लावून लिहा आणि शिक्षकांना दाखवा. निबंध पाठ करून नेऊ नका. विषय थोडा बदलला तरी पाठ केलेलं लेखन लंगडं पडतं, आणि तपासणाऱ्याला ते पहिल्या परिच्छेदातच कळतं. पत्राचा मायना आणि बातमीचं शीर्षक, स्थळ, दिनांक यांचा साचा पाठ असावा, मजकूर आपला असावा.

वाक्प्रचार, समास, शब्दसिद्धी आणि शुद्धलेखन रोज दहा मिनिटं. एकदम दोन तास करून ते टिकत नाही.

इंग्रजीची भीती असेल तर जिथे साचा ठरलेला आहे तिथून सुरुवात करा: पत्र, डायलॉग, स्पीच, तक्त्यावरून परिच्छेद. कवितेच्या अ‍ॅप्रिसिएशनला कवीचं नाव, रायमिंग स्कीम, एखादा अलंकार आणि मध्यवर्ती कल्पना लागते. प्रत्येक कवितेसाठी हे अर्ध्या पानात तयार ठेवा. शेवटी ५ गुण भाषांतराचे असतात. इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांनी ते कधीच सोडू नयेत, रोज चार वाक्यं केली तरी पुरे. हिंदीला ‘येतंच की’ म्हणून सगळ्यात कमी वेळ मिळतो. तिथेही कृतिपत्रिका लिहून बघा, मराठीच्या सवयीने झालेल्या लिंगाच्या चुका लगेच दिसतील.

इतिहास, राज्यशास्त्र आणि भूगोल

दहावीचा इतिहास लढायांचा आणि सनावळींचा नाही. इतिहासलेखन, कला, प्रसारमाध्यमं, खेळ, पर्यटन असे विषय आहेत, त्यामुळे नावं एकमेकांत गुंततात. ‘दर्पण’ बाळशास्त्री जांभेकरांचं, ‘प्रभाकर’ भाऊ महाजनांचं, ‘दीनबंधु’ कृष्णराव भालेकरांचं. चुकीची जोडी ओळखायचा प्रश्न इथेच फसवतो. अशा जोड्या प्रकरणवार एका वहीत लिहा आणि घरातल्या कुणालाही वही धरून विचारायला सांगा. आई किंवा आजोबा फारसे शिकलेले नसले तरी काही बिघडत नाही. वही त्यांच्या हातात आहे, उत्तर जुळतं की नाही एवढंच त्यांना बघायचं आहे. खूप घरांत पालकांना वाटतं की आपल्याला दहावीचं काही सांगता येणार नाही. पण रोज वीस मिनिटं समोर बसून प्रश्न विचारणं ही फार मोठी मदत असते.

टीपा आणि संकल्पनाचित्रं कोऱ्या कागदावर करा. राज्यशास्त्राचे १२ गुण थोड्या वेळात मिळतात: ‘विधान चूक की बरोबर ते सकारण सांगा’ यात कारणाचा गुण मोठा, म्हणून कारणासकट सराव. मतदानाचं वय ६१व्या घटनादुरुस्तीने २१ वरून १८ झालं, ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती अनुक्रमे ग्रामीण आणि शहरी स्थानिक शासनसंस्थांची, माहितीचा अधिकार २००५चा, असे खुंट पक्के करा.

भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे, आणि हा पेपर बहुतेक मुलं चुकीच्या ठिकाणी कष्ट घालून अवघड करून घेतात. ४० पैकी नकाशा भरणं आणि नकाशावाचन यांचे ८ गुण, आलेखाचे ६. म्हणजे १४ गुण पेन्सिलीत आहेत. दोन्ही देशांचे पंधरा-वीस कोरे नकाशे आणून ठेवा. रोज एक नकाशा, पाच स्थळं, पुस्तक न बघता: अॅमेझॉन नदी, ब्राझिलिया, पिको दी नेब्लीना, पँटानल, तिकडे कन्याकुमारी, अरवली, थरचं वाळवंट. सूची लिहायला विसरू नका. आलेखाला शीर्षक, अक्षांची नावं आणि प्रमाण लिहा.

उरलेल्यासाठी एका पानाचे दोन रकाने करा, डावीकडे भारत, उजवीकडे ब्राझील, आणि प्रत्येक मुद्द्यापुढे कारण. भारत पूर्णपणे उत्तर गोलार्धात आहे. ब्राझीलच्या उत्तर भागातून विषुववृत्त आणि दक्षिण भागातून मकरवृत्त जातं. एवढं नकाशावर डोळ्यांसमोर आलं की हवामान, वनं आणि शेती यांतले बरेच फरक पाठ न करता सांगता येतात. भूगोलाची मजा इथे आहे आणि मुलांपर्यंत ती पोचत नाही याचं मला वाईट वाटतं.

घड्याळ लावून पेपर

परीक्षेआधीच्या महिन्यात प्रत्येक पेपर किमान दोनदा पूर्ण वेळ लावून सोडवा, शक्यतो खऱ्या पेपराच्या वेळेला, सकाळी अकराला. तीन तास सलग लिहायची हाताला सवय नसते. शेवटच्या पाऊण तासात अक्षर बिघडतं ते त्यामुळे. भाषेला ८० गुण आणि १८० मिनिटं आहेत, म्हणून गुणाला दोन मिनिटं धरली तर वीस मिनिटं तपासायला उरतात.

लिहून झाल्यावर लगेच तपासू नका, दुसऱ्या दिवशी तपासा आणि गमावलेला प्रत्येक गुण तीन ढिगांत टाका: येतच नव्हतं, येत होतं पण आठवलं नाही, येत होतं पण घाईत चुकलं. पहिल्याला शिकवणी हवी, दुसऱ्याला कोरा कागद, तिसऱ्याला चुकांची वही. बाजारातले अपेक्षित प्रश्नसंच सरावाला वापरा, पण त्यावर विसंबून प्रकरणं गाळू नका.

पेपरांचे दिवस

आदल्या रात्री नवीन काही उघडायचं नाही. लाल अक्षरांचे कागद आणि चुकांची वही एवढंच चाळा आणि वेळेवर झोपा. जागून केलेल्या दोन तासांची किंमत दुसऱ्या दिवशी आकडेमोडीत मोजावी लागते. हॉल तिकीट, शाळेचं ओळखपत्र, दोन-तीन पेनं, पेन्सिल, कंपासपेटी रात्रीच पिशवीत भरा. सकाळच्या सत्राला साडेदहापर्यंत केंद्रावर असायला हवं; एसटीने येणाऱ्यांनी एक गाडी आधीची धरावी.

पेपर हातात आला की ‘कोणतेही दोन’, ‘कोणतेही चार’ याखाली पेन्सिलीने रेघ मारा. येणारे प्रश्न आधी लिहा, पण उपप्रश्न एकत्र ठेवा आणि क्रमांक प्रश्नपत्रिकेतलाच द्या. २०२३पासून पेपर संपताना दहा मिनिटं जादा मिळतात. ती नवं उत्तर सुरू करायला न वापरता क्रमांक, एककं, आकृत्यांची नावं आणि पुरवण्यांची बांधणी तपासायला ठेवा.

बाहेर आल्यावर मित्रमैत्रिणी उत्तरं जुळवत उभ्या असतील. तिथे थांबू नका. घरी या, जेवा, अर्धा तास पडा, आणि पुढच्या पेपरची यादी काढून ज्या प्रकरणापुढे सर्वांत जुनी तारीख आहे त्याचं नाव कोऱ्या कागदावर लिहा.